निकुंभ सरांचा उजवा अंगठा

निकुंभ सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात एका म्हातारीची कापडी पिशवी होती. हे दशक नुकतंच सुरू झालं होतं. मुंबईत व्यवसायोपचाराचं शिक्षण संपवून मी सुरतेला आमच्या घरी परत आले होते आणि ट्रस्टच्या रुग्णालयात कामाला लागून जेमतेम आठवडा झाला होता. दुखावलेल्या हाताला रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून व्यायाम, आधाराच्या पट्ट्या आणि काम करण्याच्या सोप्या रीती शिकवणं, हा माझा विषय. रुग्णालयात तो तेव्हा कुणाच्याच ओळखीचा नव्हता. कार्यालयातल्या एका गृहस्थांनी तर मला लोकांना व्यवसाय मिळवून देणारी बाई समजून आपल्या पुतण्याचं शिक्षण सांगितलं होतं. धुतलेल्या चादरींच्या कोठीला लागून असलेली एक खोली मला दिली होती. तिथं मी रिकामी बसून होते.

बाहेरच्या लांब व्हरांड्यातून पांढरा कोट घातलेले एक उंच गृहस्थ येताना दिसले. शेजारी एक वयस्क बाई आणि मागे घुश्श्यात चालणारा त्यांचा मुलगा. गृहस्थ बाईंच्या चालीनं चालत होते आणि त्यांची पिशवी यांनी घेतली होती. मला वाटलं, नातेवाईक असतील. दारात येऊन ते म्हणाले, “तुम्ही शैला पाटील ना? मी निकुंभ.”

मी उभी राहिले. पांडेसऱ्यात, सुरतेच्या आमच्या गिरणी-वस्तीत, वाढलेल्या कुणालाही हे नाव सांगावं लागत नाही. माझे वडील तिथल्या एका प्रोसेस मिलच्या रंगखात्यात होते. मिलमध्ये किंवा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कुणाचा हात सापडला, की लोक आधी देवाचं आणि मग निकुंभ डॉक्टरांचं नाव घेत. घाईत असले तर उलट क्रमानं.

“या सीताबाई,” सर म्हणाले. “साड्यांचं धागा कटिंग करतात. अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय. यांच्या मुलाला ऑपरेशन हवंय, कारण मी ऑपरेशन करणारा डॉक्टर. माझ्या मते त्याची वेळ आलेली नाही. तुम्ही काय करू शकता ते मला बघायचंय.”

बघायचंय म्हणजे त्यांना खरोखरच बघायचं होतं. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि ते बसले. सीताबाई मात्र अजून घाबरलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, “दादा, कापू नका. मना हात गया ते मना घरनं कोन करी?”

सर पुढे वाकून म्हणाले, “माय, तुना हात कोठेच जात नही.”

मी थक्क झाले. आमच्या घरातली अहिराणी मी मुंबईच्या वसतिगृहात कुणाच्या कानावर पडू दिली नव्हती. एवढे मोठे शल्यचिकित्सक ती रुग्णालयाच्या खोलीत, दार उघडं असताना, सहज बोलले.

या गौरवग्रंथात सरांच्या शस्त्रक्रियांबद्दल लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. तुटलेली बोटं त्यांनी कशी जोडली, हे त्यांच्याकडूनच वाचावं. मी ज्यावर लिहिणार आहे ते काम सुरीशिवायचं आहे. मी सरांच्या हाताखाली अनेक वर्षं काम केलं. मधले काही महिने त्यांचा हात माझ्या हाताखाली होता. मला सर कळले ते त्या महिन्यांत.

पण आधी सीताबाईंचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सांध्याची झीज भरून येत नाही. दुखणं मात्र कमी करता येतं आणि हात कामात ठेवता येतो. पाण्याच्या पाइपाचं प्लास्टिक गरम करून मी त्यांच्या अंगठ्याच्या मुळाला आधार देणारी पट्टी बनवली. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून हलके व्यायाम, दुखऱ्या जागी मलम, आणि फारच ठणकलं तर जेवण झाल्यावर थोडे दिवस गोळी. सरांनी गोळ्या लिहून देताना त्यांना पोटाचं विचारलं, रक्तदाबाचं विचारलं, आणि शेजारणीच्या सांगण्यावरून दुकानातून आणखी आणायच्या नाहीत हे मुलाकडून कबूल करून घेतलं.

एवढ्यानं भागलं असं मला वाटलं होतं. सर म्हणाले, “त्या काम कशा करतात ते आपण कुठं पाहिलंय?”

रविवारी ते स्कूटरवरून पांडेसऱ्यात आले. सीताबाईंच्या खोलीत साड्यांचा ढीग होता. छपाई झालेल्या साडीच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे छोट्या कात्रीनं कापायचे, साडी मांडीवर अंगठ्यानं दाबून धरायची, असं ते काम. सर जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांनी कात्री मागून घेतली आणि बराच वेळ धागे कापत राहिले. मग स्वतःच्या अंगठ्याच्या मुळावर बोट ठेवून म्हणाले, “इथं येतं ओझं. साडी धरणंच बंद केलं पाहिजे.” आम्ही साडी खाटेवर पसरून वर दोन वजनं ठेवली. कात्रीच्या मुठींना जाड कापड गुंडाळलं. धुणं पिळायचं ते नळाला वेढा घालून, पिशवी अडकवायची ती कोपरावर, तवा उचलायचा तो दोन्ही हातांनी. मधेमधे काम थांबवायचं. मुलगा आधी हसत होता. मग नळाशी जाऊन त्यानं स्वतः चादर पिळून बघितली.

काही महिन्यांनी सीताबाई आल्या तेव्हा एक्स-रे होता तसाच होता. त्या मात्र भाकरी करत होत्या आणि कण्हल्याशिवाय झोपत होत्या. सरांनी एक्स-रे पाकिटात घातला आणि म्हणाले, “याच्याशी आपलं भांडण नाही.”

त्यानंतर सरांनी मला ऑपरेशन थिएटरमध्ये बोलवायला सुरुवात केली. माझ्या शाखेच्या माणसाला तिथं कुणी बोलवत नसे. “मी जे शिवतो ते पुढे तुम्हाला सांभाळायचं असतं,” ते म्हणायचे. “काय शिवलंय ते बघून ठेवा.” मी त्यांच्या खांद्यामागे उभी राहून पाहायची. केसाएवढ्या धाग्यानं ते कंडरा जोडत, म्हणजे बोटं वाकवणाऱ्या त्या पांढऱ्या दोऱ्या. त्यांचे मोठाले हात त्या वेळी इतके हलके होत, की मी श्वास रोखून धरत असे. त्यांचे मदतनीस डॉ. निमेष वयानं माझ्याएवढेच, सुरतेचेच. तेही माझ्यासारखेच गप्प उभे असत.

प्लेगच्या दिवसांत शहर रिकामं झालं. आमच्या गल्लीत एका दिवसात कुलपं लागली. आई-वडील धुळ्याकडे गावी गेले आणि रुग्णालयासाठी मी मागे राहिले. सरांनी एवढंच विचारलं, “जेवणाचं काय?” मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. संध्याकाळी सुमनवहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वतः आल्या, माझी बॅग उचलली आणि म्हणाल्या, “चल. तुझ्यासाठी खोली झाडून ठेवली आहे.” साथ ओसरेपर्यंत मी त्यांच्याकडे लेकीसारखी राहिले. मला वेगळं पान नव्हतं, वेगळी भांडी नव्हती. लोक एकमेकांना शिवायला भीत होते, त्या दिवसांतलं हे सांगते आहे.

तिथंच माझ्या लक्षात आलं. न्याहारीच्या वेळी सरांनी लोणच्याची बरणी छातीशी धरली, झाकण फिरवायचा प्रयत्न केला आणि ती वहिनींकडे सरकवली. दुधाची पिशवी ते दातांनी फोडत. स्कूटरची किल्ली डाव्या हातानं फिरवत. मी दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, “सर, अंगठा कधीपासून दुखतोय?”

“तुम्ही जेवायला आलात की तपासायला?” सर म्हणाले.

वहिनी पोळी वाढत होत्या. “मला सांगत नाहीत,” त्या म्हणाल्या. “पण दाराचं कुलूप गेली दोन वर्षं मीच काढते.”

सरांनी विषय बदलला. मीही पुढे बोलले नाही. शहर पुन्हा भरलं, लूम सुरू झाले आणि जखमी हात पुन्हा येऊ लागले.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यातल्या माणसाचा तळवा कापला गेला होता. ऑपरेशन लांबलेलं होतं. दोन कंडरा जोडून झाल्या होत्या, तिसरीला सर टाका घालत होते. ते थांबले. मला काही वेगळं दिसलं नाही. निमेषनाही दिसलं नाही, असं ते नंतर म्हणाले. सरांनी सुईचा चिमटा हलकेच ट्रेमध्ये ठेवला.

“निमेष, इथून पुढे तुम्ही.”

निमेषना वाटलं सर शिकवण्यासाठी संधी देत आहेत. त्यांनी दबक्या आवाजात गुजरातीत विचारलं, “साहेब, हूं करी लऊं?” मी करून घेऊ का?

“करी लो,” सर म्हणाले. ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेले, मदतनिसाच्या जागी उभे राहिले आणि शेवटचा टाका पडेपर्यंत निमेषसाठी धागे कापत राहिले.

बाहेर आल्यावर निमेष आभार मानू लागले. सरांनी त्यांना मधेच थांबवलं. “शिकवण्यासाठी दिलं नाही. चिमटा माझ्या हातात फिरायला लागला होता. अंगठा धरत नाही.” थिएटरमध्ये हे कुणाला कळलं नव्हतं. त्यांनी सांगितलं नसतं तर कळलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले, तर माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर रुग्णांच्या ओळीत सर बसलेले. हातात एक्स-रे. लोक उठून त्यांना पुढे जागा देत होते आणि ते प्रत्येकाला खाली बसवत होते. नंबर आला तेव्हा ते आत आले, हात टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मी पेशंट आहे. सीताबाईंना जे सांगितलं होतंत, तेच मला सांगा. एक शब्द कमी नको.”

ज्या हाताकडे मी वर्षानुवर्षं श्वास रोखून पाहिलं, तो माझ्या समोर उताणा पडला होता. अंगठ्याचं मूळ चौकोनी झालं होतं. दाबलं तेव्हा आत करकर लागली. सरांनी ओठ मिटून घेतले. बोटांच्या टोकांशी गाठीही आल्या होत्या. एकदा वाटलं, सांगावं की थोड्या विश्रांतीनं होईल. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेपुढे ते शक्य नव्हतं.

“सर, काही महिने ऑपरेशनं बंद ठेवावी लागतील. पट्टी, शेक, व्यायाम, सगळं करू. दुखणं कमी होईल असं मला वाटतं. झीज भरून येणार नाही. हात थिएटरमध्ये चालेल की नाही ते मला आज सांगता येत नाही.”

त्यांनी हात उचलून स्वतःकडे घेतला आणि म्हणाले, “मुंबईला माझा वर्गमित्र आहे. फोनवर म्हणाला, ये, सांधा करून देतो.”

“तुम्हीच सांगता सर, की आधी हे सगळं प्रामाणिकपणे करून बघायचं. नाहीच भागलं तर ऑपरेशन आहेच.”

“सांगायला सोपं होतं,” सर म्हणाले. ते हसले, पण फार थोडं.

ज्यांना सर फक्त मोठे डॉक्टर म्हणून ठाऊक आहेत, त्यांना सांगितलं पाहिजे की रुग्ण म्हणून ते आदर्श वगैरे नव्हते. पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी लग्नात पट्टी काढून ठेवून आले. भेटेल त्याच्याशी हस्तांदोलन करून अंगठा सुजवून घेतला. मी बोलले. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि त्या दिवसापासून सर सगळ्यांना नमस्कार करू लागले. बारीक पेनानं लिहू नका म्हटल्यावर त्यांनी पेनाला स्पंज गुंडाळला. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांपैकी काहींनी तशीच पेनं करून घेतली; त्यांना वाटलं मोठ्या सर्जनची ही काही खास पद्धत असावी.

मेणाचा शेक घ्यायला ते रोज येत. वितळलेल्या मेणात हात पुन्हा पुन्हा बुडवून त्याचा मोजा चढू द्यायचा आणि तो टॉवेलात गुंडाळून बसायचं. शेजारी जवळच्या कडोदरा गावातल्या लूमवरचा एखादा कारीगर तसाच हात गुंडाळून बसलेला असे. सर त्याला विचारत, “तुम्हाला घरी काय करायला सांगितलंय बाईंनी?” तो सांगे. मग सर म्हणत, “मलाही तेच. तुम्ही करता का?” आणि दोघंही माझ्याकडे बघत.

मधे दुखणं फार वाढलं तेव्हा निमेषनी सांध्यात इंजेक्शन दिलं. काही आठवडे सरांना आठवेना की अंगठा दुखतो. निमेष म्हणाले, “सर, सुरू करू या का थिएटर?” सरांनी नकार दिला. “औषधानं कळ दाबली आहे. सांधा तोच आहे. मला दुखत नाही म्हणून मी सुई धरली, तर तो दुसऱ्याच्या हाताशी खेळ होईल.” आराम हळूहळू ओसरला. आम्ही पुन्हा मेणाकडे, पट्टीकडे, व्यायामाकडे आलो.

पावसाळा सरला तोवर फरक दिसू लागला होता. सकाळचा ताठरपणा लवकर जाई. किल्ली फिरू लागली. एका सकाळी वहिनींचा मला फोन आला. त्या म्हणाल्या, “अगं, आज यांनी कुलूप काढलं.”

आता प्रश्न थिएटरचा होता. त्याचं उत्तर सरांनी माणसावर शोधलं नाही. दुपारी माझ्या खोलीत ते चामड्याचा पट्टा टेबलाला अडकवून त्यावर टाके घालत बसायचे, खऱ्या ऑपरेशनला लागतो तेवढा वेळ. मी बाजूला माझं काम करत असे. सुरुवातीचे टाके पूर्वीसारखेच, बघत राहावं असे. पुढे पुढे अंगठा थकायचा आणि चिमट्याचं टोक जरासं, अगदी जरासं हलायचं. दुसऱ्या कुणी ते टाके उत्तम म्हटले असते. सर भिंग घेऊन एकेक तपासत. असं बरेच दिवस चाललं. एका दुपारी त्यांनी चिमटा पुसून ठेवला आणि म्हणाले, “झालं. उत्तर आलं.”

त्या दिवशी ते लवकर घरी गेले. वहिनींनी नंतर सांगितलं की दुपारभर ते झोपाळ्यावर बसून होते. चहा पुढे ठेवला तो गार झाला. त्यांनी तीस वर्षं जे केलं, ज्यासाठी गाव सोडून या शहरात आले, त्याचा मोठा भाग त्या दुपारी संपला होता. दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले आणि त्यांनी निमेषना बोलावून सांगितलं, “छोटी ऑपरेशनं मी करीन. लांबलचक, बारीक काम आजपासून तुमचं. पेशंटला आपण आधी सांगायचं.”

हे शेवटचं वाक्य विश्वस्तांना मानवेना. रुग्णालयाची कीर्ती सरांच्या नावावर होती. एका विश्वस्तांनी त्यांना माझ्या देखत समजावलं, “डॉक्टरसाहेब, तुम्ही थिएटरमध्ये असणारच आहात. आत कोण शिवतंय ते कोण बघतंय? बाहेर बोलायची काय गरज?”

“भूल दिलेला माणूस बघू शकत नाही,” सर म्हणाले, “म्हणूनच त्याला आधी सांगायचं.”

आवाज चढवला नव्हता. विश्वस्तांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

थोड्याच दिवसांत त्या शब्दाची परीक्षा झाली. कडोदऱ्याहून भास्कर नावाचा लूमवरचा कारीगर आला. यंत्राच्या पट्ट्यात हात सापडून मनगटाच्या वर सगळं कापलं गेलं होतं. बायको मंगल, परभणीकडची, हातात त्याचा रक्ताळलेला सदरा घेऊन उभी. सरांनी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं: माझा अंगठा झिजला आहे, एवढं लांब काम माझ्या हातून नीट होणार नाही, ते डॉक्टर निमेष करतील, त्यांचा हात आज माझ्यापेक्षा चांगला आहे.

मंगलनं निमेषकडे पाहिलंच नाही. “साहेब, आम्ही तुमचं नाव ऐकून आलाव,” ती म्हणाली. “तुमीच हात लावा. जमंल तसं करा, पन तुमीच करा.” आणि तिनं त्यांचे पाय धरले.

सर खाली बसले. जमिनीवर, तिच्या समोर. “मी जमेल तसं करणार नाही, बाई. तुझ्या नवऱ्याच्या हाताचं जमेल तसं करून भागत नाही. मी आत असेन. पहिल्यापासून शेवटपर्यंत शेजारी उभा राहीन. कुठली दोरी कुठं ते मी सांगेन. शिवतील हे.”

ती रडत राहिली. मग तिनं पहिल्यांदा निमेषकडे मान वळवली. म्हणाली, “तुमी जेवलाव का?”

निमेष जेवले नव्हते. सरांनी त्यांना आधी दोन घास खायला लावलं.

मी त्या ऑपरेशनला होते. सर सबंध वेळ हात पाठीशी बांधून उभे होते. मला वाटतं, ते हात पुढे येऊ नयेत म्हणून. ते हळू आवाजात बोलत होते: “आता ही. घाई नाही. थोडी आत. बरोबर.” एकदा निमेष अडखळले. सरांचा उजवा खांदा पुढे झाला आणि पुन्हा मागे गेला. निमेषनी स्वतःच वाट काढली. मी सरांच्या असंख्य शस्त्रक्रिया पाहिल्या. त्यातली सर्वांत मोठी कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी हीच सांगेन. भास्करचा हात पुढे माझ्याकडे आला. तो पुन्हा लूमवर गेला नाही, पण आज कडोदऱ्यात चहाची गाडी चालवतो आणि उकळता टोप दोन्ही हातांनी उतरवतो.

थिएटरमधला वेळ मोकळा झाला, तो सरांनी आरामात घालवला नाही. “पांडेसऱ्यात घराघरात सीताबाई आहेत,” ते मला म्हणाले. “त्या आपल्याकडे येत नाहीत, कारण त्यांना वाटतं आपण कापतो.” एका मराठी शाळेनं रविवारी वर्ग दिला. सतरंजी, मेणाचं भांडं, पट्ट्यांचं सामान, एवढ्यावर आमचा हाताचा दवाखाना सुरू झाला. पहिल्या रविवारी बायका दारातूनच बघत होत्या. सरांनी बाही वर केली, स्वतःची पट्टी काढून सतरंजीवर ठेवली आणि अंगठा पुढे केला. “बघा, माझाही असाच आहे. हात लावून बघा.” एक बाई पुढे आली. तिनं डॉक्टरांचा अंगठा दाबून पाहिला, मग स्वतःचा. मग बाकीच्या आत आल्या.

आता त्या वर्गात धागा कापणाऱ्या, टिकल्या चिकटवणाऱ्या, खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या बायका येतात. खानदेशातल्या येतात, मराठवाड्यातल्या, विदर्भातल्याही. सर प्रत्येकीशी तिच्या बोलीत बोलायचा प्रयत्न करतात आणि चुकले तर त्या त्यांना सुधारतात. ज्यांचं खरोखर भागत नाही, अशा मोजक्याच जणींना ते निमेषकडे ऑपरेशनसाठी पाठवतात. ऑपरेशनच्या दिवशी स्वतःही बरोबर जातात, ते शेजारी उभं राहायला.

हा लेख लिहायला घेण्याच्या आदल्याच रविवारी एक नवी बाई आली होती. पट्टी, शेक, सगळं ऐकून घेतल्यावर तिनं सरांना थेट विचारलं, “हे पुरतं बरं व्हई का?”

बाहेरच्या प्रत्येक दुकानात, प्रत्येक जाहिरातीत तिला “हो” असंच उत्तर मिळालं असतं. सर म्हणाले, “नाही, माय. सांधा पहिल्यासारखा होणार नाही. हात मात्र तुझ्या कामाला येईल. त्यासाठी तुला आणि मला पुष्कळ दिवस खपावं लागेल.”

ती आपल्या हाताकडे बघत राहिली. मला वाटलं, ही आता उठून जाणार. ती म्हणाली, “मंग येत्या रविवारी किती वाजता येऊ?”

खरं ऐकून माणसं थांबतात, ही गोष्ट मला शाळेत, महाविद्यालयात कुणी शिकवली नाही. सरांजवळ राहून ती मी रोज पाहते, आणि अजूनही दर वेळी थक्क होते.

निकुंभ सर साठ वर्षांचे होत आहेत. त्यांना कसलंही दुखणं येऊ नये, अशी प्रार्थना मी केली तर ते मला हसतील. म्हणून त्यांना चालेल अशा शब्दांत मागते. त्यांना उदंड आयुष्य लाभो. सुमनवहिनींच्या सोबतीनं ते सुखाचं जावो. दुखलंच कुठं, तर ते सोसवेल इतकंच दुखो, आणि सांगितलेलं औषध सरांनी वेळेवर घ्यावं. पुष्कळ दिवस खपायचं त्यांनी त्या बाईंना कबूल केलं आहे. ते पुष्कळ दिवस त्यांना मिळोत.